पाचशेची मागणी

बाजारातून एखादी वस्तू नाहीशी झाली, की ती आपल्याला लागते त्याच्या दसपट हवीशी वाटू लागते. मीठ मिळणार नाही अशी नुसती आवई उठू दे, ज्याच्या डब्यात सहा महिन्यांचं मीठ आहे तोच सगळ्यात आधी पिशवी घेऊन धावतो. छोटीला हे चांगलं ठाऊक होतं, इतरांना ती ते ऐकवतही असे. पण वेळ आली तेव्हा तीही धावली, आणि रांगेतल्यांना कोपरं मारत धावली.

छोटी हे तिचं घरातलं नाव. शेंडेफळ म्हणून पडलं आणि केस पिकायला लागले तरी गेलं नाही. कारखान्यात मात्र सगळे तिला मॅडम म्हणत, कारण कारखाना तिचा होता आणि तिचा राग सगळ्यांनी पाहिलेला होता. कारखाना म्हणजे तरी काय, दोन हॉल आणि काचेचं पार्टिशन टाकून केलेलं ऑफिस. तिथे नवजात बाळांसाठी वॉर्मर बनत. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला अंगातली ऊब टिकवता येत नाही. त्याला वॉर्मरखाली ठेवतात, पोटावर एक सेन्सर चिकटवतात, आणि वरून येणारी उष्णता कधी वाढवायची, कधी कमी करायची हे एक नखाएवढी काळी चौकोनी चिप ठरवते. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. यंत्राचं बाकी सगळं कुठेही मिळतं. ती चिप नसेल तर वॉर्मर म्हणजे नुसता उंच दिवा.

पूर्वी हा कारखाना दोघांचा होता, छोटीचा आणि दादाचा. दादा अंडी उबवायच्या यंत्रांचे कंट्रोलर बनवायचा आणि छोटी वॉर्मरचे. त्यांची आई म्हणायची, एकाची पिल्लं चिवचिवतात, दुसरीची टाहो फोडतात, पण दोघांची तऱ्हा एकच, जरा गार लागलं की संपलं. भांडण झालं ते चिपेवरून. या चिपा एकट्यादुकट्या नसतात, त्यांचं कुटुंब असतं. थोरली, मधली, धाकटी. पाय तितकेच, बाहेरून बघितलं तर तिघी सारख्या, एकीच्या जागी दुसरी चपखल बसते. फरक पोटात. थोरलीच्या पोटात प्रोग्रामला भरपूर जागा, मधलीत त्याच्या निम्मी, धाकटीत त्याहून निम्मी.

"धाकटी पुरते," दादा म्हणाला होता. "अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"पाय वाढतात, दादा. अंथरूण मागाहून वाढवता येत नाही."

दादाने तिला न विचारता दोन्ही यंत्रांसाठी धाकटीचाच प्रोग्राम पक्का करून टाकला. छोटीला कळलं तेव्हा ती सगळ्या कामगारांसमोर ओरडली, आणि दादाही सगळ्यांसमोर म्हणाला, "शाळेतसुद्धा तू अर्ध्या कोऱ्या वह्या टाकून नव्या मागायचीस." बाहेरच्यांशी माणूस मुद्द्यावर भांडतो, भावंडांशी शाळेतल्या वह्यांवरून. दादा आपली यंत्रं घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. छोटीने वॉर्मरमध्ये थोरली चिप बसवली. आई छोटीकडे राहिली आणि दोन्हीकडे बातम्या पोचवायचं काम विनावेतन करू लागली.

आणि मग थोरली बाजारातून गेली.

छोटीच्या मांडणीवर चाळीस सर्किट बोर्ड तयार होते. चाळीस वॉर्मर एका मोठ्या सरकारी इस्पितळाला द्यायचे होते, थंडी सुरू व्हायच्या आत. प्रत्येक बोर्डावर सगळे भाग बसलेले आणि बरोबर मधोमध एक रिकामा चौकोन. डीलरचं उत्तर आलं, माल यायला बावन्न आठवडे.

"वर्ष म्हणायला त्यांना लाज वाटते," काका म्हणाले. हे काका म्हणजे कारखान्याची खरेदी बघणारे. नात्याने कुणाचेच नव्हेत, वयाने सगळ्यांचे. "आठवडे म्हटलं की माणूस कॅलेंडर बघतो. वर्ष म्हटलं की रडतो."

छोटी रडली नाही, पण तिच्या तोंडचं पाणी पळालं. कारण इस्पितळातल्या नवजात बाळांच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर दर आठवड्याला फोन करत. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आणि म्हणूनच तो फोन घ्यायला छोटी घाबरायची.

"आजही एका वॉर्मरखाली दोन बाळं ठेवलीत," सिस्टर म्हणायच्या. "एकाला गरम होतं, एकाला गार पडतं. सेन्सर एकच आहे. कुणाच्या पोटाला लावू, तेवढं सांगा मला."

"लवकरच देते," एवढंच छोटी म्हणायची आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या रिकाम्या चौकोनांकडे बघत बसायची.

दुसऱ्या कंपनीची चिप घ्यावी, तर तिचे पाय वेगळे, भाषा वेगळी. बोर्ड नव्याने, प्रोग्राम नव्याने, सुरक्षेच्या सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. त्यात ही थंडी गेली असती आणि पुढचीही. घरातलीच दुसरी बहीण आणली तर मात्र चाचणी थोडक्यात आटपणार होती. तेव्हा छोटी आपलाच प्रोग्राम उघडून बसली, मधलीत मावेल का ते बघायला.

उघडला आणि थक्कच झाली. थोरलीच्या पोटात जागा होती म्हणून वर्षानुवर्षं काय काय कोंबलेलं! अक्षरांचे तीन आकार, त्यातला एक कुणी कधी वापरलाच नव्हता. पाच भाषा, त्यातल्या दोन भाषांत एकही वॉर्मर विकला नव्हता. आणि यंत्र सुरू करताना पडद्यावर हळूहळू उगवणारा सूर्य. तो छोटीने स्वतः काढला होता, कितीतरी रविवार घालवून, आणि नवा पाहुणा आला की ती तो हटकून दाखवायची. वॉर्डात यंत्र सुरू होताना नर्सच्या हातात बाळ असतं. सूर्योदय बघायला थांबलंय कोण?

तिने सूर्य काढून टाकला. मग भाषा, मग अक्षरं. धोक्याच्या घंटेला आणि उष्णतेच्या हिशेबाला तिने बोटही लावलं नाही. एका जुन्या नमुन्याच्या बोर्डावर एकुलती एक मधली चिप होती. तिच्यात नवा प्रोग्राम घातला, पाण्याने भरलेली रबरी पिशवी बाळ म्हणून वॉर्मरखाली ठेवली, आणि पिशवी गार करून, गरम करून, सेन्सर उपटून, वीज घालवून सगळे छळ करून पाहिले. प्रोग्राम मधलीत बसला होता. छोटीला बरं वाटलं आणि लाजही वाटली. दादा जे म्हणाला होता ते निम्मं तरी खरं होतं, आणि हे त्याला सांगायचं म्हणजे जिभेला केवढं ओझं! तिने सांगितलं नाही.

आता मधली शोधायची. ती थोरलीपेक्षा थोडी जास्त मिळत होती, म्हणजे अजिबात मिळत नव्हती याच्याऐवजी जवळजवळ मिळत नव्हती. पहिल्या डीलरने विचारलं, किती हव्यात? छोटीने खरं ते सांगितलं, चाळीस. पलीकडचा माणूस सौजन्याने हसला, कळवतो म्हणाला आणि पुन्हा त्याने फोन उचलला नाही. जिथे लोक हजारो चिपांची अख्खी रिळं मागताहेत तिथे चाळीस चिपांचं गिऱ्हाईक कोण विचारतो? दुसऱ्याला तिने शंभर सांगितलं. तिसऱ्याला पाचशे. तिसऱ्याने "मॅडम" म्हटलं, चहाला या म्हणाला.

मग पाचशेच ठरलं. तेच पाचशे तिने पाच ठिकाणी नोंदवले, ज्याचा माल आधी येईल त्याचा घ्यायचा, बाकीच्यांना नाही म्हणायचं. हे काही ती एकटी करत नव्हती, सगळेच करत होते. पाच ठिकाणी पाचशे म्हणजे बाजाराच्या डोळ्यांना अडीच हजार. चिपा बनवणाऱ्यांना वाटत असेल, सगळं जग उपाशी आहे. जग भुकेलेलं होतंच, पण एवढं नव्हतं. आणि आकडा तरी कसा, चार वेळा बोललं की आपल्यालाच खरा वाटायला लागतो. काकांनी विचारलं, किती शोधू? छोटी वर न बघता म्हणाली, पाचशे.

दिवस जात राहिले. सिस्टरचे फोन येत राहिले.

आणि एके दिवशी दुपारी गोडबोल्याचा फोन आला. हा दलाल. त्याचं खरं नाव काही का असेना, तासभर बोलला तरी त्याच्या तोंडून एक कडू शब्द निघत नसे, म्हणून कारखान्यात त्याला गोडबोल्या म्हणत.

"मॅडम, तुमच्यासाठी रान पिंजून काढलं. चारशे मधल्या आहेत. एक कारखाना बंद पडला, त्याचा शिल्लक माल. फक्त एक अडचण आहे, आणखी एक पार्टी मागे लागलीय."

"मी आधी तपासून घेणार," छोटी म्हणाली. दलालाकडच्या चिपेचा भरवसा नसतो. वरचा छाप घासून नवा मारलेला असतो, आत काय आहे ते देवाला ठाऊक. कधी जळकी, कधी भलतीच.

"तपासा की! मी नाही कुठे म्हणतो?"

थोड्या वेळाने पुन्हा फोन. ती पार्टी सगळाच्या सगळा माल उचलायला तयार आहे. छोटी म्हणाली, मीही सगळा उचलते. पुन्हा फोन. पार्टी उद्या नेते म्हणते. छोटी म्हणाली, मी आज नेते. काचेच्या खोलीत ती येरझाऱ्या घालत होती आणि बाहेरचे लोक मान खाली घालून काम करत होते. शेवटचा फोन आला तेव्हा गोडबोल्याचा आवाज अगदीच लोण्यासारखा झाला होता.

"काय सांगू, मॅडम. ती पार्टी न तपासता घेतो म्हणते."

कोण असेल हा मूर्ख? याच कुटुंबातली चिप, एवढा हट्ट, एवढी घाई. छोटीच्या डोक्यात एकच नाव आलं. आईकडून तिने ऐकलं होतं की दादालाही चिपांची अडचण आहे. दादाच! कोंबड्यांना काय, चालत असेल कसलीही चिप. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मीही न तपासता घेते," ती म्हणाली, आणि तिने फोन आपटला.

आपटल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते. पण त्याचंही खापर तिने दादावरच फोडलं. ज्याच्यामुळे आपल्या हातून वाईट झालं असं वाटतं, त्याच्यावर माणूस जितका चिडतो तितका वैऱ्यावरही चिडत नाही. ती गाडीची किल्ली घेऊन निघालीच.

दादाचा कारखाना तिच्या कारखान्याइतकाच होता, फक्त जास्त नीटनेटका. दाराशी चाचणीसाठी अंडी ठेवलेली एक उबवणी पेटी होती आणि बाजूच्या खोक्यात नुकतीच बाहेर आलेली पिल्लं कलकलाट करत होती. दादा भिंग डोळ्याला लावून एक बोर्ड बघत होता. त्याने मान वर केली.

"छोटी? ये. चष्मा लागला तुला?"

"लागून जुना झाला. तो चारशेचा लॉट तूच मागतोयस ना?"

"कसला लॉट?"

"मधल्यांचा! न तपासता घेतोयस म्हणे. तुझ्या कोंबड्यांचं ठीक आहे, माझ्याकडे बाळं असतात, दादा."

दादाने भिंग खाली ठेवलं. "कोंबडीचं पिल्लूसुद्धा उकडून मरतं. आणि न तपासता मी स्क्रूदेखील घेत नाही, हे तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं.

"पण तू मधलीवर कधी आलीस?" दादाने विचारलं. "तुझी तर थोरली ना?"

"कापलं प्रोग्राममधलं बरंच. मावला." मग तिला राहवलं नाही. "आणि तू? तुझी तर धाकटी."

दादा पिल्लांच्या खोक्याकडे बघत म्हणाला, "पुरली नाही. दोन वेळा ओढूनताणून बसवलं, तिसऱ्या वेळी नाही बसलं."

म्हणजे एक वरून खाली आली होती, एक खालून वर गेला होता, आणि दोघांनी एकमेकांना ताकास तूर लागू दिली नव्हती. छोटीला हसू येणार होतं, तेवढ्यात तिचा फोन वाजला. काका. फोन म्हणजे लांबच्या माणसाशी ओरडून बोलायचं साधन, अशी काकांची समजूत असल्याने त्यांचा शब्दन् शब्द दादालाही ऐकू जात होता.

"मॅडम, मारली बाजी! तुम्हाला बोललो नव्हतो, पण दुसऱ्या एका दलालाला कामाला लावलं होतं. चारशे मधल्या मिळाल्या! कोण एक हट्टी पार्टी आडवी आली होती. आपण सगळा माल म्हटलं की ती सगळा म्हणायची, आपण उद्या म्हटलं की ती आज. शेवटी मी म्हटलं, आम्ही न तपासता घेतो."

"आणि ती पार्टी?" छोटीने विचारलं.

"तीही म्हणाली, न तपासता घेते! वेडीच म्हणायची. पण आपला शब्द आधी गेला होता."

दादाला आधी कळलं. तो खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "आपलेच दात आपलेच ओठ," तो म्हणाला. "अगं, तू स्वतःवरच बोली लावत होतीस!"

छोटी हसली नाही. तिला तो वॉर्ड दिसत होता. एका वॉर्मरखाली एक मूठभर बाळ, आणि डोक्यावर अशी चिप जिच्या पोटात काय आहे ते कुणीच पाहिलेलं नाही. उष्णता वाढतेय आणि थांबायचं कुणी ठरवत नाहीये. दुपारी तिने यालाच हो म्हटलं होतं. सिस्टरच्या फोनला ती घाबरायची, पण आता तिला स्वतःचीच भीती वाटली.

"काका," ती म्हणाली, "तो लॉट नको. त्या दलालाला नाही सांगा, मी गोडबोल्याला सांगते. तपासल्याशिवाय आपल्याकडे काही येणार नाही. मीच उद्या आणायला सांगितलं तरी आणू नका."

"बरं," काका हिरमुसले. "पण मग पाचशे कुठून पैदा करायच्या?"

"पाचशे नकोच आहेत."

"मग किती?"

दादाही हसायचा थांबून तिच्याकडे बघत होता. साधा प्रश्न होता, पण छोटीला चटकन उत्तर देता येईना. चिपा शोधायला लागल्यापासून खरा आकडा सांगायची सवयच गेली होती. जिभेवर आधी शंभर आला, तो तिने गिळला. मग पन्नास आला, चार-दोन हाताशी असलेल्या बऱ्या म्हणून. तोही गिळला.

"चाळीस," ती म्हणाली.

"चाळीस? आपल्या मांडणीवरचे तेवढेच?" काकांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मॅडम, मला वाटलं कुठलीतरी मोठी ऑर्डर आलीय आणि नजर लागू नये म्हणून तुम्ही बोलत नाही. मी पाचशेच्या खाली कुणाशी बोललोच नाही हो. शंभर-दीडशे विकणारे दोघं येऊन गेले, मी त्यांना दारातूनच वाटेला लावलं."

दादा उठला. त्याने भिंतीतलं लोखंडी कपाट उघडलं, वरच्या कप्प्यात हात घालून एक रुपेरी पाकीट काढलं आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. पाकिटावर डीलरचा शिक्का होता आणि ते फोडलेलं नव्हतं.

"साठ आहेत. मधल्या. सरळ डीलरकडून आलेल्या, माझी ऑर्डर होऊन उरल्या." तो उभाच होता. "तुझा प्रोग्राम मधलीत बसवता येईल हे मला ठाऊक होतं. त्याचा पाया मीच घातलाय. म्हटलं, बसवायला मदत लागली तर तीही करू. म्हणून आईला विचारलं, छोटीला किती हव्यात गं?"

छोटीला आठवलं. ताट समोर होतं, आईने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, आणि तिने डीलरला सांगावं तसं आईला सांगितलं होतं.

"आई म्हणाली, पाचशे," दादा म्हणाला. "पाचशे हव्यात तिथे मी साठ घेऊन कुठल्या तोंडाने येऊ? तू म्हणाली असतीस, याची उडी अजून तेवढीच. मग ठेवून दिल्या कपाटात."

"हे कधी झालं, दादा?"

"उन्हाळ्यात."

तेव्हापासून आतापर्यंतचे सिस्टरचे सगळे फोन छोटीच्या कानात एकदम वाजले. सेन्सर कुणाच्या पोटाला लावू, तेवढं सांगा मला. तिने ते पाकीट दोन्ही हातांनी धरलं आणि ती तिथल्या स्टुलावर बसून रडायला लागली, कामगार बघत होते तरी. दादाला काय करावं सुचेना. तो तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाला, थबकला, आणि मग ठेवलाच.

फोन अजून चालूच होता. काका पलीकडून विचारत होते, "मॅडम? चाळीसच ना? नक्की ना?"

दादाने तिच्या मांडीवरचा फोन उचलला.

"नक्की," त्याने सांगितलं. "आणि आजच बसवायला घ्या. आम्ही निघालोच."